विश्लेषण : इंग्रजीसारखी वाचता येणारी ‘कोबोल’ आज अवघड का ठरते?

करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी ‘कोबोल’ येणाऱ्या स्वयंसेवकांना पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले. राज्याची संगणक प्रणाली ४० वर्षांहून जुनी होती. गंमत अशी, की कोणालाही वाचता यावी याच हेतूने ही भाषा घडवली गेली होती.

मूळ कल्पना काय होती?

१९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पाठबळावर ‘कोडासिल’ या समितीने कोबोलचे काम हाती घेतले. ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’चा त्यावर मोठा प्रभाव होता. प्रोग्रामिंग न येणाऱ्या अधिकाऱ्यालाही हिशेब वाचता यावा, ही अपेक्षा. म्हणून पगार काढायचा तर कोबोलमध्ये ‘मल्टिप्लाय अवर्स बाय रेट गिव्हिंग पे’ असे चक्क वाक्य लिहितात. पायथनमध्ये तेच ‘पे = अवर्स * रेट’ इतके आटोपते. केनेथ आयव्हर्सन यांची ‘एपीएल’ तर दुसऱ्या टोकाला. तिच्यात खास चिन्हांनी एका ओळीत अख्खा प्रोग्राम बसतो. न शिकलेल्याला मात्र त्यातले अक्षरही लागत नाही.

मग अडते कुठे?

कोबोलची ओळ कळते, प्रोग्राम कळत नाही. जुन्या कोबोलमधील ‘आल्टर’ ही आज्ञा पाहा. ‘गो टू’ने कुठे जायचे, हे ती प्रोग्राम चालू असतानाच बदलते. म्हणजे समोर लिहिलेले एक आणि घडते दुसरेच! २००२ च्या मानकातून ती काढून टाकण्यात आली. शिवाय जुन्या प्रोग्राममध्ये सगळी माहिती सर्व भागांना सामायिक असे. एका परिच्छेदातील बदलाचा फटका हजारो ओळींपलीकडे बसू शकतो, आणि तो शोधताना सोपे इंग्रजी कामी येत नाही.

गिडो व्हॅन रॉसम यांच्या पायथनने (१९९१) समास सोडणे सक्तीचे केल्याने कोणता भाग कोणाच्या पोटात, हे नजरेला दिसते. हा उपाय शब्दांपेक्षा अधिक उपयोगी ठरला.

वाचनीयता मोजता येते?

अँड्रियास स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांनी २०१३ मध्ये नवशिक्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पर्ल आणि जावा वापरणाऱ्यांची अचूकता, मुद्दाम वाटेल तशी चिन्हे निवडून बनवलेल्या भाषेपेक्षा लक्षणीय जास्त आढळली नाही. पायथन, रुबी आणि स्टेफिक यांची स्वतःची ‘क्वोरम’ मात्र सरस ठरल्या. अर्थात ही परीक्षा नवशिक्यांच्या छोट्या प्रोग्रामची होती, दुसऱ्याने ४० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या कोडची नव्हे.

जावात उतरवले की प्रश्न सुटेल?

न्यू जर्सीतील बिघाड कोबोलमध्ये नव्हे, तर त्यापुढील जावातील संकेतस्थळात होता, असे इतिहासकार मार हिक्स यांनी लिहिले आहे. तरीही जुन्या प्रणाली बदलण्याचा दबाव आहेच. २०२३ मध्ये ‘आयबीएम’ने कोबोलचे जावात रूपांतर करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन जाहीर केले. अशा प्रणालींच्या देखभालीचे काम भारतीय कंपन्यांकडेही येते, त्यामुळे पुणे-मुंबईतील अभियंत्यांसाठीही हा बदल महत्त्वाचा. रूपांतराने ओळी बदलतात. भत्त्याची एखादी अट कोणत्या कायद्यामुळे घातली, हे मूळ कोडमध्ये नोंदवलेले नसेल, तर ते जावातही येणार नाही. आणि ते ठाऊक असलेले कर्मचारी निवृत्त होत आहेत.