लेबलाने दाढी होत नाही

परवा एक मित्र आजोबांचा वस्तरा घेऊन घरी आला. जर्मनीतल्या झोलिंगेनचा, काळ्या मुठीचा. म्हणाला, "भंगारात देतो रे, स्टील गेलंय याचं." तीन महिने रोज घासत होता बिचारा. कशावर? तर परदेशातून मागवलेल्या जुन्या थुरिंगियन दगडावर, एशरचं कागदी लेबल शाबूत असलेल्या. दगडाची किंमत सांगितली तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

तर मंडळी, आज या जुन्या दगडांच्या नादाबद्दल. या छंदातले बरेच जाणकार नवशिक्याला पहिला सल्ला देतात तो खरेदीचा. पिवळा-हिरवा एशर शोध, जुना बेल्जियन कोटिक्यूल घे, नाहीतर क्योटोजवळच्या नाकायामा खाणीतला दगड बघ. च्यायला, हा सल्ला आहे की दागिन्यांची यादी?

मुद्दा साधा आहे. वस्तरा घासताना धार आणि पाठ दोन्ही दगडावर टेकतात. म्हणजे कोन ठरतो तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्यावर. पातं 16 मिमी, पाठ 4.5 मिमी, तर कोन साधारण 16 अंश. शाळेतली त्रिकोणमिती! दोन्ही बाजूंचे उतार टोकाला नीट भेटले की अर्धं काम झालं, आणि ते काम 1000 ग्रिटच्या साध्या दगडाचं. मग 4000, 8000 आणि हवा तर शेवटी तो नाजूक दगड. थुरिंगियन स्लेट काय किंवा गार्नेटचे कण असलेला कोटिक्यूल काय, रेझरवाले ते वापरतात शेवटचा हात फिरवायला. पायाच भरला नसेल तर वरून भारी रंग लावून काय उपयोग?

"पण त्या दगडाची धार चेहऱ्याला मऊ लागते!" लागते, मान्य. पण जुना दगड बऱ्याचदा मधे झिजलेला, तेल प्यायलेला असतो. काचेवर वॉटरपेपर ठेवून आधी तोच सपाट करत बसा. कोटिक्यूल तर नवाही मिळतो. मग जास्तीचे पैसे कशाचे? बहुतेक वेळा लेबलाचे.

आपल्याकडे धोकटी घेऊन फिरणारे कारागीर साध्या दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर अख्ख्या गावाच्या दाढ्या करायचे. आता सलूनमधे अर्धं ब्लेड घालून फेकतात, ते स्वच्छतेसाठी योग्यच. पण त्यांचं कसब त्या दगडात नव्हतं, हे विसरू नका.

पैसे तुमचे, छंद तुमचा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राग याचा येतो की असल्या सल्ल्यांमुळे चांगलं हत्यार 'खराब' ठरतं आणि शिकणारा स्वतःलाच बावळट समजतो.

मित्राच्या वस्तऱ्याला दोन्ही बाजूंनी मार्कर फासला आणि 1000 वर हलके दोन हात मारले. टोकाशी शाई तशीच! तीन महिन्यांत दगड टोकापर्यंत पोचलाच नव्हता. तासभर घासल्यावर मनगटावरचे केस उडायला लागले. पुढे 4000, 8000, मग पट्टा. रविवारी पठ्ठ्याने आजोबांच्या वस्तऱ्याने दाढी केली. हनुवटीला एकदा कापलं, पण स्वारी खूश.

हो, शेवटी एशरवरही चार हात मारले. आणलाच होता, तर म्हटलं वापरू :)