आधी काकाला विचारा!

'क्लास' म्हटलं की आपल्याला दहावीची ट्यूशन आठवते. माझ्या चुलतभावाला मात्र पायथन आठवतं! गेल्या गणपतीत पोलादपूरला काकाकडे गेले, तर आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात स्वारी लॅपटॉप उघडून बसलेली. मी पडले मास कॉमवाली. म्हटलं, "मला कळेल असं सांग, बाबा!"

तर फंडा असा. पायथनमधला क्लास म्हणजे एक साचा. तो दुसऱ्या क्लासेसकडून वारसा घेतो. स्वतःकडे उत्तर नसलं की वरच्यांना विचारतो. पण आधी कुणाला? समजा वर दोन क्लास आहेत, बाबा आणि काका, आणि दोघांच्याही वर आजोबा. जुना क्रम होता : बाबा, मग थेट आजोबा, काका शेवटी! काकाने आजोबांचा नियम कधीच बदललेला असला, तरी प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. २००१ मध्ये पायथन २.२ ने नव्या पद्धतीचे क्लास आणले. २००३ मध्ये २.३ ने त्यांचा क्रम पक्का केला : आधी बाबा, मग काका, मगच आजोबा. जुना कोड मोडू नये म्हणून जुने क्लासही नांदत राहिले. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं आणि त्यांना कायमची सुट्टी मिळाली.

तो बोलत होता आणि मला जुलै २०२१ आठवत होता. महाडच्या घरात मी आणि आजोबा. पाऊस थांबेना. फोटोंची ट्रंक माळ्यावर चढवू का, म्हणून मुंबईला बाबांना फोन लावला. "मला काय विचारतेस? आजोबांना विचार." आजोबा म्हणाले, "ट्रंक खालीच असते." विषय संपला!

सावित्री आधी पोलादपूरवरून जाते, मग महाडला येते. २००५ च्या पुरानंतर काकानेच नियम केला होता, पावसाळ्यात ट्रंक वर. तो पोलादपूरला राहायला गेला आणि ती पुन्हा खाली आली. त्याला फोन करायचं मला सुचलंच नाही. २२ तारखेला पाणी घरात शिरलं. आजीच्या लग्नाचा एकुलता एक फोटो गेला. काकाने आजवर एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही.

परवा बाबांचा फोन. महाडच्या घराचं वायरिंग बदलायचंय, मीटर किती उंचावर बसवायचा? "आजोबांना विचारून घेतेस?"

म्हटलं, "बाबा, आधी काका!"