हुन्नरशाळेतील अक्षरविद्या

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या पांढरपेशा घरांतून मुलांची प्रतवारी सुरू होते. बाजारात आंबे निवडावे त्याप्रमाणे अधिक गुणांचे विज्ञानाच्या करंडीत, मध्यम गुणांचे वाणिज्याच्या करंडीत, आणि ज्यांस कोणी विचारीत नाही ते तंत्रशाळेच्या दारात नेऊन सोडावयाचे, असा हा शिरस्ता आहे. त्यातही एखाद्या मुलाने अगर मुलीने आपण होऊन 'मला ग्राफिक डिझाइन शिकावयाचे आहे' असे म्हटले, तर वडील मंडळींच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: चित्रे काढून पोट भरते काय? हा प्रश्न वरकरणी व्यवहारी दिसतो. परंतु ज्या समजुतीतून तो निघतो, तिने मुलांचे व धंद्याचे असे दोहोंचे नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम ही विद्या म्हणजे काय ते पाहू. ती केवळ चित्रे काढण्याची विद्या नव्हे. सांगावयाची गोष्ट अक्षरे, आकृती व रंग यांच्या योगाने पाहणाराच्या चटकन ध्यानी येईल अशी मांडणे, हे तिचे खरे काम. १९५१-५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, त्या वेळी शंभरांत ऐंशीहून अधिक माणसे निरक्षर होती. त्यांनी मत दिले ते चिन्ह ओळखून! कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा अगर हिरवा रंग भरलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल, व तेथून उतरत्या क्रमाने हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य. ज्या शेतकऱ्यास बारीक इंग्रजी मजकूर वाचता येत नाही, त्याच्या जिवाचे रक्षण तो एवढासा रंग करितो. औषधाच्या वेष्टनावरील मुदतीची तारीख म्हाताऱ्या माणसास वाचता येते की नाही, एस. टी. च्या पाटीवरील गावाचे नाव धावत्या उतारूस दिसते की नाही, हे सारे प्रश्न याच विद्येचे आहेत. तिला नटवेपणाची बाब म्हणणे हे कोणत्या शहाणपणाचे लक्षण?

बरे, ही विद्या आम्हांस परकी आहे असेही नाही. जावजी दादाजी यांनी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टाईप घासण्यापासून आरंभ केला, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांचे सुबक देवनागरी अक्षर हीच त्या छापखान्याची कीर्ती होय. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली व १९३५ साली तीत व्यापारी कलेचा विभाग सुरू झाला. तोच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था बनला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले, ते हुन्नर शिकविण्याकरिताच. या दोन्ही ठिकाणी शिकलेले दादासाहेब फाळके आधी छायाचित्रण व छपाई यांच्या धंद्यात पडले, आणि मग १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणिला. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या असंख्य लोकांनी वर्षानुवर्षे वापरलेला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांच्या हातचा आहे. ज्या हातांनी एवढे कार्य केले, त्यांस 'उरलेल्यांचे हात' म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

तथापि आमचे सारे बोट पालकांकडेच आहे असे नव्हे. शाळांसही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'डेस्क टॉप पब्लिशिंग ऑपरेटर' या नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. खासगी वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणी शिकविले जाते ते कोणती कळ दाबली असता काय होते एवढेच. कळा दर दोन वर्षांनी बदलतात. तत्त्वे बदलत नाहीत. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचा असतो, आणि कागदावरचा निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईचा. म्हणून पडद्यावर झळकणारा पोपटी रंग कागदावर मळका उतरतो. बारीक मजकूर चारही शायांत छापला तर कागद केसभर सरकताच अक्षरांस रंगीत कडा सुटतात. तो एकट्या काळ्या शाईतच हवा. कापाच्या रेषेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर रंग वाढविला नाही तर कटाईनंतर पांढरी कड उघडी पडते. या गोष्टी ज्यास ठाऊक नाहीत, त्याच्या एका चुकीने हजारो प्रती रद्दीत जातात. विद्यार्थ्यास छापखान्यात उभे करून, कागद हाती देऊन, शाईने बोटे माखून घेऊनच त्या शिकवाव्या लागतात.

याहून मोठी उणीव अक्षरांविषयी आहे. पुस्तके इंग्रजी, उदाहरणे रोमन लिपीची, आणि विद्यार्थ्याने पुढे करावयाचे काम बहुतेक मराठीत! देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी व मात्रा, खाली उकार. दोन ओळींत रोमन अक्षरांपुरतेच अंतर ठेवले तर वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून ती निश्चित केली, तरी दुकानांच्या पाट्यांवर त्यांचा पत्ता नसतो. 'आचार्यांस' दक्षिणा द्यावयाची की 'आचाऱ्यांस', हे एका रफारावर ठरते, हे निमंत्रणपत्रिका जुळविणारास कळावयास नको काय? अक्षर हाताने गिरविल्यावाचून त्याचा तोल डोळ्यांस कळत नाही. म्हणून पहिले सहा महिने बोरू व कागद, आणि मग संगणक, असा क्रम असावा, अशी आमची सूचना आहे.

येथे कोणी म्हणेल, आता यंत्रच आज्ञा होताच चित्र काढून देते, मग ही यातायात कशाला? आम्ही उलट विचारतो: यंत्राने एका घटकेत पन्नास नमुने पुढे टाकले, तर त्यांतला योग्य कोणता हे कोण सांगणार? जोडाक्षर मोडले आहे हे कोण ओळखणार? छायाचित्रणाची कळ आली तेव्हा चित्रकार संपले नाहीत; नुसते नक्कल करणारे तेवढे संपले. यंत्राच्या भयाने शिक्षण सोडणे नव्हे, तर शिक्षण अधिक खोल करणे, हाच त्यावर उपाय होय.

शेवटी आमच्या व्यापारी बांधवांस विनंती. दुकानाच्या फर्निचरावर लाखो रुपये खर्च करणारा गृहस्थ बोधचिन्हाची गोष्ट निघताच 'पाचशे रुपयांत करून दे, आधी चार नमुने फुकट दाखव' असे म्हणतो, अगर प्रसिद्ध मालाचे वेष्टन पुढे टाकून 'याच्यासारखेच कर' अशी आज्ञा करितो. पहिल्याने शिकलेल्या मुलाची उमेद खचते. दुसऱ्याने १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचा बडगा स्वतःवरच ओढवतो. धान्याचा नमुना मूठभर फुकट देता येतो, कारण पोते मागे उरते. या धंद्यात नमुना हाच माल आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात उमेदवारास विद्यावेतन देण्याची तरतूद आहे. प्रत्येक शहरातील छापखानेवाल्यांनी व व्यापारी मंडळांनी दरवर्षी काही मुलेमुली आपल्याकडे घेऊन त्यांस काम व वेतन दोन्ही दिले, तर 'पोट भरते काय' या प्रश्नाचे उत्तर लेखाने द्यावयास नको. ते आपोआप मिळेल.

पोट भरत नाही म्हणून विद्या हलकी ठरवावयाची, आणि हलकी ठरविली म्हणून तिचा मोबदला द्यावयाचा नाही, हे चक्र आम्हीच फिरवीत आहो. ते थांबविणेही आमच्याच हाती आहे. यंदा ज्या घरी एखादे मूल अक्षरांच्या वेडाने वह्या भरीत असेल, त्या घरच्या वडील मंडळींनी त्यास तंत्रशाळेत पाठवावे. मात्र गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अंगी गुण आहे म्हणून.