दिवा का लागला?

दिवाळीच्या अंकात दिव्यांवर लिहिण्याचा प्रघातच आहे. यंदा मीही दिव्यावरच लिहिणार आहे. मात्र तो पणतीचा नव्हे. घरात दिवा लागला की मन प्रसन्न होते. मोटारीत, चालकाच्या डोळ्यांसमोर, इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागला की भल्याभल्यांचे तोंड काळवंडते. ज्यांच्या दारात गाडी आहे त्या वाचकांना हा अनुभव असेलच. बाकीच्यांनीही वाचावे, कारण गोष्ट गाडीची असली तरी अगदीच गाडीपुरती नाही.

माझा भाचा बंगलोरला असतो. चांगली नोकरी, गुणी बायको, सहा वर्षांची मुलगी आणि दोन माणसांची लाल स्पोर्ट्‌स कार, असा त्याचा संसार. या चौघांत त्याचा जीव कोणावर अधिक, हे विचारण्याचे धाडस आमच्या भाचेसुनेने अजून केलेले नाही. गाडी इतकी बुटकी, की तिच्यात बसायचे म्हणजे आधी जमिनीवर बसण्याची तयारी ठेवावी लागते. उठताना तर मला तीन वेळा देवाचे नाव घ्यावे लागले.

ही गाडी घेऊन तो अधूनमधून मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या रस्त्यावर जातो. मद्रासकडच्या शर्यती पूर्वी शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर होत. हा खास बांधलेला रस्ता १९९० सालापासूनचा. एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. काही दिवशी तेथे शर्यत नसते. पैसे भरून, डोक्यावर शिरस्त्राण घालून, ज्याने त्याने आपली गाडी वीस-वीस मिनिटे मनसोक्त पळवायची. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. गेल्या खेपेस भाच्याने मलाही नेले. “मामा, तुमचा जन्म इंजिनांत गेला. एकदा हे बघाच,” तो म्हणाला. बायको आणि मुलगी मागून घरच्या मोठ्या गाडीतून आल्या. तेथून त्या मद्रासला एका लग्नाला जाणार होत्या आणि रात्री लाल गाडीतून बाप-लेक बंगलोरला परतणार होते. मुलीची दुसऱ्या दिवशी शाळा होती.

पहिल्या पाळीच्या अखेरच्या फेऱ्यांत दिवा लागला. नुसता लागला नाही, लुकलुकला. येथे वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. हा पिवळा दिवा स्थिर असेल तर ‘लौकर दाखवून घ्या’ असा त्याचा अर्थ; लुकलुकत असेल तर ‘आत्ताच वेग कमी करा’ असा. लुकलुकणे म्हणजे एखाद्या सिलिंडरात ठिणगीचा किंवा पेट्रोलचा मेळ चुकून स्फोट नीट होत नाही. ते न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या शुद्धीकरणाच्या डब्यात जाऊन जळते आणि तो डबा तापून कामातून जातो. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला तर मात्र विचारच करायचा नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद.

भाच्याने गाडी आत आणली आणि डॅशबोर्डाखालच्या सोळा खाचांच्या खोबणीत काडेपेटीएवढे एक यंत्र खुपसले. ही खोबण अमेरिकेत १९९६ सालापासून सर्व मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे ही पद्धत २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. यंत्राने त्याच्या मोबाइलवर आकडा दाखवला : पी ०३०२. यातला ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरचा कारभार, पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला आकडा, तीन म्हणजे ठिणगीचे खाते आणि शेवटचे दोन म्हणजे दुसरा सिलिंडर.

“कॉइल गेली!” भाच्याने निकाल दिला.

“आकडा कॉइलचे नाव घेत नाही,” मी म्हटले. “दुसऱ्या सिलिंडरात स्फोट चुकला, एवढेच तो सांगतो. ‘पोट दुखते’ हे रोग्याचे बोलणे झाले. अपेंडिक्स की काल रात्रीची भजी, हे वैद्याने ठरवायचे.”

जुनी युक्ती सांगितली. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर बसवायची आणि चौथ्याची दुसऱ्यावर. आता ०३०४ आला तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, म्हणजे चोर तीच. ०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष; मग प्लग, मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू बदलायची. चार वस्तू एकदम बदलल्या तर गाडी बरी होते, पण कशाने बरी झाली हे कळत नाही आणि बिल मात्र चौघांचे येते.

दुसऱ्या पाळीत पुन्हा दिवा. या वेळी आकडा आला ०३००. म्हणजे एक नव्हे, अनेक सिलिंडर चुकत होते. भाचा गोंधळला. मला मात्र बरे वाटले. चार भावंडांना एकाच दिवशी उलट्या झाल्या, तर प्रत्येकाचे पोट वेगवेगळे तपासत बसायचे नसते. सगळ्यांनी काय खाल्ले ते विचारायचे असते. चारही सिलिंडरांचे सामाईक अन्न म्हणजे हवा आणि पेट्रोल.

“दिवा लागतो कुठे?” मी विचारले.

“मध्येच.”

“मध्येच म्हणजे कोणत्या वळणावर?”

तो थांबला. आठवून म्हणाला, “लांब उजव्या वळणावर. बाहेर पडताना गाडी आचके देते. सरळ रस्त्यावर आली की दोन-तीन क्षणांत ठीक.”

“डाव्या वळणावर?”

“कधीच नाही.”

यंत्राच्या पोटात दोष घडला त्या क्षणाची नोंदही असते : इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान, गाडीचा वेग. पाहिली. पाणी नेहमीइतकेच तापलेले. शिवाय उष्णतेचा दोष असता तर वळण संपताच तो क्षणात शमला नसता. मग मी पेट्रोलचा काटा पाहिला. पाव टाकी. रस्त्यावर लिटरला दहा-बारा किलोमीटर देणारी ही गाडी येथे चारावर आली होती. सकाळी निघतानाच टाकी अर्धी होती. पहिल्या फेऱ्यांत दिवा न लागण्याचे कारणही तेच.

आमच्या वेळच्या डिझेलच्या बसगाड्या आंबा घाटात अशाच रुसत. टाकी तळाला आलेली, गाडी चढावर कलंडलेली. डिझेल मागे सरके आणि नळीला हवा लागे. येथे चढ नव्हता, पण वळण चढाचेच काम करते. अशी गाडी जोराने वळते तेव्हा बाहेर लोटणारा जोर जवळजवळ तिच्या वजनाइतका होतो, आणि तसे झाले की टाकीतल्या पेट्रोलची पातळी पंचेचाळीस अंशांनी कलते. उजव्या वळणावर सारे पेट्रोल डावीकडे. पंप उजवीकडे असेल तर तो हवाच पिणार.

“म्हणजे गाडीत काही बिघाड नाही!” भाचा उल्हासला. त्याने मोबाइलवर बोट दाबून आकडा पुसून टाकला. दिवा विझला. “मामा, शेवटची पाळी राहिली आहे. पेट्रोल भरले तर गाडी जड होते. त्या निळ्या गाडीपेक्षा मी अर्ध्या सेकंदाने मागे आहे. पाच फेऱ्या मारतो. दिवा लागला तर लागला, नंतर पुसू.”

मी बराच वेळ काही बोललो नाही. त्याला वाटले, मामा रागावला. राग नव्हता.

तरुणपणी मी प्रवासी बसगाड्यांच्या एका वर्कशॉपात होतो. तेथे प्रत्येक गाडीची तक्रारवही असे. एका संध्याकाळी एका चालकाने लिहिले : ‘ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढते.’ गाड्या कमी, उतारू ताटकळलेले, डेपोतून तगादा. मी आवारात एक फेरी मारली, मला काही जाणवले नाही, आणि तक्रारीपुढे लिहिले : ‘ओके.’ सही केली. त्याच रात्री घाटात ती गाडी कठड्यावर गेली. गाडी अडली म्हणून माणसे वाचली. कंडक्टरचा मात्र पाय गेला. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. वहीत सारे ‘ओके’ होते ना! पुढे कित्येक वर्षे तो कंडक्टर कुबडी घेऊन डेपोत तिकिटांचा हिशेब करीत बसे आणि मला पाहिले की हसून नमस्कार करी. त्या नमस्काराची मला आजही धास्ती वाटते.

हे मी घरात कोणालाच सांगितले नव्हते. भाच्याला त्या दिवशी सांगितले. म्हटले, “तू आत्ता पुसलास ना, तो माझा ‘ओके’ आहे. तक्रार पुसली, बिघाड तसाच. शिवाय दोष घडल्या क्षणाची नोंदही तिच्याबरोबर गेली. पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा स्थितीत इंजिन पूर्ण जोराने पळवलेस, तर पिस्टन वितळू शकतो. आणि रात्री हीच गाडी तुझ्या लेकीला घेऊन तीनशे किलोमीटर जायची आहे.”

तो काही न बोलता गाडी घेऊन बाहेरच्या पंपावर गेला आणि टाकी भरून आला. शेवटच्या पाळीत आधी दोन फेऱ्या सावकाश, मग पूर्ण जोराने. दिवा लागला नाही. निळी गाडी अर्थातच पुढे राहिली.

रात्री मात्र त्याने मुलीला लाल गाडीत घेतले नाही. “कारण कळले असे वाटते, पण टाकी उघडून पाहिलेली नाही,” तो आपणहून म्हणाला. लेक आईबरोबर लग्नाला गेली, शाळा बुडाली, आणि आम्ही दोघे हळूहळू बंगलोरला आलो.

आठवड्याने त्याचा फोन आला. टाकी उघडली होती. ती दोन कप्प्यांची, मधला दांडा मोकळा राहावा म्हणून खोगिरासारखी. पंप उजव्या कप्प्यात. डावीकडचे पेट्रोल एका बारीक नळीने उजवीकडे यायचे, आणि त्या नळीची पकडच सैल झाली होती. डावीकडे गेलेले पेट्रोल तिकडेच अडकून राही. काटा पाव टाकी दाखवत असतानाही गाडी भर हमरस्त्यावर बंद पडली असती. कदाचित मध्यरात्री, मागून ट्रक येत असताना.

“मामा, म्हणजे बिघाड होताच,” तो म्हणाला. “पेट्रोल भरून आपण तो फक्त झाकला होता.”

मी ‘हो’ म्हटले. माझे निदानही अर्धेच निघाले, हे त्याने बोलून दाखवले नाही. भाचा गुणी आहे.

दिवाळीत पुष्कळ मंडळी गाडी घेऊन गावी निघतील. दिवा लागला तर घाबरू नका. पण कोणी ‘आत्ता पुसून देतो साहेब’ म्हणाला, तर आधी आकडा कागदावर उतरवून घ्या, दिवा कोठे आणि कशात लागला ते आठवा, आणि मगच त्याला हात लावू द्या. घरातला दिवा वारा लागून विझला तर पुन्हा लावता येतो. गाडीतला मात्र कारण कळल्यावाचून विझवू नये.