कोमट पेला

दिवाळी अंकात आपल्या एखाद्या आवडीविषयी लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी प्रथम जुन्या विषयांची उजळणी केली. चहावर या सदरात लिहून झाले आहे. कोऱ्या पुस्तकाच्या वासावर लिहून झाले आहे. आमच्या हार्बर गाडीवर तर इतक्यांदा लिहिले आहे की माझ्या मानधनात तिचाही वाटा असायला हवा. राहता राहिली एक आवड. ती मी विद्यार्थ्यांपासून, शेजाऱ्यांपासून आणि बरीच वर्षे खुद्द वडिलांपासून लपवून ठेवली होती. वाचकहो, मला बिअर आवडते. तीही विलायती आणि तीही थंडगार नसलेली!

एवढा मजकूर लिहून मी सौभाग्यवतींना दाखवला. त्या म्हणाल्या, "छापायला हरकत नाही. पण 'माफक प्रमाणात' असं कुठे तरी घाला." तर, माफक प्रमाणात.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर मँचेस्टरला असते. मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे दोनदा जाऊन आलो, 2008 साली एकटा आणि 2019 साली अण्णांना घेऊन. पहिल्या खेपेस मेहुण्यांनी मला पबमध्ये नेले आणि तिथल्या खास बिअरची दीक्षा दिली. तिला तिकडे 'रिअल एल', म्हणजे अस्सल एल, म्हणतात. पहिला घोट घेताच मी म्हणालो, "अहो, ही तर कोमट आहे." मेहुणे म्हणाले, "कोमट नाही. माठातली आहे असं समजा."

ही उपमा मला फार पटली. ही बिअर पबच्या तळघरात लाकडी किंवा धातूच्या पिंपात ठेवलेली असते आणि तिथली हवा अकरा ते तेरा अंशांच्या आसपास राखतात. फ्रीजच्या पाण्याला गारवा असतो आणि माठातल्या पाण्याला चव असते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. या बिअरचेही तसेच. ती कारखान्यात गाळून, तापवून मारलेली नसते. पिंपात भरल्यावरही तिच्यात किण्व जिवंत असते आणि बिअर तिथेच पुन्हा थोडी आंबते. तिचा फेस तिचा स्वतःचा असतो, नळकांड्यातल्या वायूने आणलेला नसतो. हाताने दांडा ओढायचा आणि तळघरातून ती वर काढायची. पिंप एकदा उघडले की तीनचार दिवसांत संपवावे लागते, नाही तर उन्हाळ्यातल्या दह्यासारखी गत होते.

सोयीच्या युगात हा उपद्व्याप कोण करणार? 1960 नंतर मोठ्या कारखानदारांनी गाळलेली, वायू भरलेली बिअर सगळीकडे पोचवली आणि ही जुनी एल नाहीशी व्हायची वेळ आली. तेव्हा 1971 साली चार इंग्रज तरुणांनी तिच्या रक्षणार्थ एक चळवळच उभारली. 'कॅमरा' या नावाने ती पुढे देशभर वाढली. 'मराठी वाचवा' म्हणून भरलेल्या सभांना मी गेलो आहे. बिअर वाचवण्याची सभाही भरते हे ऐकून मला त्या लोकांविषयी बंधुभाव वाटला. त्यांची सभा आमच्यापेक्षा यशस्वी झाली, याचे कारण सभेनंतर काय मिळते यात असावे.

आता माझी आवडनिवड सांगतो. 'बिटर' ही तिकडची रोजची बिअर. नावाप्रमाणे ती कडू असेल म्हणून मी कारल्याच्या तयारीने बसलो होतो. गुढीपाडव्याला कडुनिंब चावून वर्षाला सुरुवात करणाऱ्या माणसाला ती कसली कडू लागणार! मेथीच्या भाजीइतका कडसरपणा आणि मागून येणारी भाजलेल्या धान्याची गोडी. 'पोर्टर' काळी असते. 18व्या शतकात लंडनच्या हमालांची ती आवडती, म्हणून तिचे नाव हमालावरून पडले. तिला जळक्या कॉफीची चव असते आणि एका पेल्यात माझे समाधान होते.

'इंडिया पेल एल' हिच्याविषयी मात्र माझे मत कलुषित आहे. 18व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची फिकट बिअर कंपनी सरकारच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्यास येई. 1820 नंतर बर्टन गावच्या कारखानदारांनी हा व्यापार काबीज केला, कारण त्यांच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम होते आणि त्यात फिकट, कडसर बिअर उत्तम उतरे. म्हणजे नाव इंडियाचे, पाणी बर्टनचे आणि पिणारा गोरा साहेब. आम्हा शीव कोळीवाड्याच्या रहिवाशांना हा प्रकार नवा नाही. हॉटेलांतून मिळणारी 'कोळंबी कोळीवाडा' आमच्या वस्तीच्या नावाने जगभर गेली. पण बेसनात ओवा घालून तळण्याची ती रीत फाळणीनंतर इथे येऊन वसलेल्या पंजाब्यांची, असे सांगतात. आमच्या मासळीवाल्या मावशींना त्या पदार्थाविषयी विचारले की त्या नुसत्या तोंड फिरवतात.

या मावशींचा आणि विलायती बिअरचा एक जुना संबंध आहे, हे मात्र मला त्या पिंपानेच शिकवले. न गाळलेली बिअर पेल्यात नितळ कशी दिसते? पिंपात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला एक चिकट पदार्थ घालतात. तो गढूळपणा घेऊन तळाशी बसतो. आपल्याकडे घोळीच्या पोटातल्या या पिशवीला भोत म्हणतात आणि तिला सोन्याचा भाव येतो. 19व्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून असल्या वाळवलेल्या पिशव्या लंडनला रवाना होत. हे सारे मी उत्साहाने मावशींना सांगितले. सुरी न थांबवता त्या म्हणाल्या, "भोत घातला? मंग ती दारू कसली मास्तर, ते तर कालवण झालं!"

माझी सर्वांत आवडती बिअर अजून सांगितलेली नाही. तिचे नाव 'माइल्ड'. गडद तपकिरी, कमी कडू आणि जेमतेम तीन-साडेतीन टक्के मद्यार्काची. लँकेशायरच्या गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार पाळी सुटल्यावर तहान भागवायला ही पीत. गिरण्या गेल्या आणि माइल्डही मागे पडली. पण मँचेस्टरचा होल्ट नावाचा कारखाना 1849 पासूनचा आहे आणि त्याची माइल्ड मला तिथे मिळाली. तिचा पेला पुढ्यात आला की मला लालबाग आठवते, आणि लालबाग आठवली की मोठे काका आठवतात.

आता जरा गंभीर व्हावे लागेल.

मराठीचा प्राध्यापक म्हणून एक गोष्ट मला अनेक वर्षे टोचत आली आहे. आंब्याच्या, तांदळाच्या, लोणच्याच्या चवीला आपल्याजवळ शब्दच शब्द आहेत. दारू म्हटली की मात्र आपला शब्दकोश पेल्याकडे पाहतच नाही, तो पिणाऱ्याकडे पाहतो. झिंगलेला, तर्र, टुन्न, तराट, फुल्ल टाइट! कारण साधे आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी दारू चाखण्यापूर्वी तिचा परिणाम पाहिलेला असतो. मीही तो पाहिला होता.

मोठे काका लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांचे गिरणीत परत जाणे कधी झालेच नाही. काका आमच्या कोळीवाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. काही महिन्यांनी ते संध्याकाळचे दिसेनासे झाले. पुढे मी सातआठ वर्षांचा झालो तेव्हा अण्णा मला त्यांना बोलवायला पाठवू लागले. पोराला पाहून तरी उठेल, हा त्यांचा हिशोब. गल्लीच्या टोकाला गोणपाटाचा पडदा होता. आत बल्ब लहान, खिडकी नाही. माणसे उभ्याने पीत. डोळे मिटून, श्वास रोखून पेला एका दमात घशाखाली, वर मीठ, आणि बाहेर. गूळ आणि नवसागर यांचा तो वास मी आजही शंभर वासांतून ओळखीन. काका माझा हात धरून येत आणि वाटेत मला शाळेतल्या कविता म्हणायला लावीत. 1988 साली ते गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात दारू हा शब्द कुणी उच्चारला नाही.

अशा घरातला मी. सहकाऱ्यांबरोबर वर्षाकाठी दोनतीनदा बिअर घेतली की वेलदोडे चघळत कोळीवाड्याला दोन फेऱ्या मारून मग जिना चढणार. वयाच्या चाळिशीतही!

2019 साली अण्णांना मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात नेले. तिथे कापडाचे जुने साचे चालवून दाखवतात. साचा सुरू झाला, खडखडाट उठला आणि अण्णा दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले ते हलेचनात. "दादाला म्हणूनच ऐकू कमी यायचं," एवढेच म्हणाले. बाहेर पडलो तो पाऊस. मेहुण्यांनी आम्हाला समोर दिसले त्या दारात ढकलले. तो पब होता.

मोठ्या काचेच्या खिडकीपाशी आम्ही बसलो. शेजारच्या टेबलावर एक आजीबाई अर्धा पेला पुढे ठेवून शब्दकोडे सोडवत होत्या. त्यांचा कुत्रा पायाशी झोपला होता. मेहुण्यांनी अण्णांना चहा आणला आणि, मी डोळ्यांनी नको नको म्हणत असताना, माझ्यापुढे अर्धा पाइंट माइल्ड ठेवली. चाळिशी उलटलेला मी खिडकीबाहेरचा पाऊस फार लक्ष देऊन पाहू लागलो.

अण्णांनी पेला उचलला. मला वाटले, आता हा खाली ओतला जाणार. त्यांनी तो नाकाशी नेला, बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, "भाकरीचा वास येतोय. तव्यावर जरा जास्त राहिलेल्या. दादाच्या तोंडाला नवसागराचा यायचा."

या क्षणासाठी मी एक सिद्धांत तयार ठेवला होता. दारूबंदीने पिणे थांबले नाही, ते फक्त अंधारात गेले. गोणपाटाऐवजी काच असती, जहराऐवजी ही तीन टक्क्यांची बिअर असती, तर काका वाचले असते. मी तो अण्णांना ऐकवला. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "नाही रे. खिडकी असती तर दादा आत पाऊलही टाकता ना. त्याला कुणाच्या नजरेला पडायचं नव्हतं. गिरणी चालू होती तोवर त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. त्याला चव कुठे हवी होती? त्याला संध्याकाळ संपवायची होती."

मी गप्प बसलो. गिरण्या मँचेस्टरच्याही गेल्या आणि खिडक्यांनी तिथल्या सगळ्याच माणसांना काही वाचवले नसणार. माझ्या सिद्धांताला वर्गात टाळ्या मिळाल्या असत्या. पण ज्याने भावाला सहा वर्षे सांभाळले, त्याच्यापुढे तो तोकडा होता.

अण्णांनी पेला माझ्याकडे सरकवला. "पी. सावकाश पी. पाऊस थांबायला वेळ आहे."

तो अर्धा पाइंट मला पाऊण तास पुरला.

आता अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. हातपंपाची एल मला मुंबईत अजून भेटलेली नाही. आपल्याकडे छोट्या बिअरशाळा मात्र निघाल्या आहेत. 2009 साली पुण्यात सुरू झालेल्या एकीचे नाव 'डूलाली', म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या शिपायांवरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप! तिकडून येताना विद्यार्थी भेटेल की काय, ही धास्ती मला अजून असते. बाकी दुकानांत 'स्ट्राँग' लिहिलेली बाटलीच अधिक खपते. ती पाहिली की अण्णांचे ते वाक्य आठवते.

1949 चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे, म्हणून मी रीतसर परवाना काढला. परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' असतो. अण्णांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, "आरोग्यासाठी ना? मग काढ्याएवढीच घेत जा."

यंदा बहिणीने येताना बिटरच्या दोन बाटल्या आणल्या आहेत. भाऊबिजेला दुपारी एक उघडू. ती तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेवायची, हे मी सौभाग्यवतींना सांगून ठेवले आहे. बरोबर चकली असेल. भाजणी यंदा जरा जास्त भाजली गेली आहे, म्हणून घरात कुरकुर चालू आहे. मी मात्र त्याबद्दल एक अक्षर बोललेलो नाही.