विष सरकारचं, पुरावा सैनिकानं का द्यायचा?

सरकार माणसाला युद्धावर धाडतं तेव्हा त्याच्याकडे पुरावा मागत नाही. धट्टाकट्टा आहेस ना, उचल बंदूक, चढ जहाजावर. एवढंच. पण तोच माणूस तीस-चाळीस वर्षांनी रक्तात साखर घेऊन, बधिर झालेले पाय ओढत त्याच सरकारच्या खिडकीशी उभा राहिला की कागद सुरू. हा आजार नोकरीतलाच कशावरून? तू तिथं होतास कशावरून? तुझ्या अंगावर फवारा पडला कशावरून? साला, विष ओतलं तुम्ही आणि पावती जपून ठेवायची आम्ही?

हे घडलं अमेरिकेत. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मधुमेहाचं हे प्रकरण. आपल्यातले काहीजण लगेच म्हणतील, अमेरिकन फौजेशी आपलं काय देणंघेणं? व्हिएतनामच्या शेतकऱ्यावर विष ओतणारी फौज ती! प्रश्न रास्त आहे. टाळणार नाही. पण आधी प्रकरण समजून घ्या. कारण गरिबाला मारायला व्यवस्थेला दरवेळी लाठी लागत नाही. छापील फॉर्म पुरतो.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन फौजेनं दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि पिकांवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली. त्यात सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते एजंट ऑरेंज. पिंपांवर नारिंगी पट्टा, म्हणून हे नाव. त्यात डायॉक्सिन नावाचं जहर होतं. घरी परतलेले सैनिक एकेक करून आजारी पडायला लागले. क्लेम टाकले. माजी सैनिकांच्या खात्यानं १९८५ मध्ये नियम केला: क्लोरॅक्ने नावाचा कातडीचा रोग तेवढा मान्य, बाकी काही नाही. कोर्टात जावं तर १९८८ पर्यंत या खात्याच्या निकालाविरुद्ध कोर्टाची वाटच बंद. वकील करावा तर त्याची फी दहा डॉलर. हा आकडा १८६४ सालच्या कायद्यातला! शंभरावर वर्षं गेली, सगळं महागलं, फी दहाच राहिली. दहा डॉलरमध्ये कोण वकील उभा राहणार? तरी १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं हे योग्यच ठरवलं. सैनिकाला वकिलाची गरज काय, खातं त्याचं मायबाप आहे ना! मायबाप सरकार हा शब्द आपल्याला नवा नाही.

सैनिक संघटित झाले, कोर्टात भांडले. १९८९ मध्ये कोर्टानं तो नियम मोडीत काढला. १९९१ मध्ये एजंट ऑरेंजचा कायदा आला. या कायद्याचं सगळं मर्म एका शब्दात आहे: गृहीत. तू त्या काळात व्हिएतनामच्या भूमीवर होतास ना? तुला यादीतला आजार झाला ना? मग तो विषामुळंच झाला असं सरकार गृहीत धरेल. कुठल्या दिवशी, कुठल्या पिंपातून, हे तू सांगायचं नाहीस. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह या यादीत आला तो २००१ मध्ये, शास्त्रज्ञांच्या समितीनं २००० साली संबंधाचे मर्यादित का होईना पुरावे आहेत असं म्हटल्यावर.

हा एक शब्द म्हणजे दया नव्हे. प्रश्न उलटा फिरवला गेला. सिद्ध कुणी करायचं, यावर सगळा खेळ असतो. ज्याच्याकडे नोंदवह्या आहेत, दवाखाने आहेत, तज्ज्ञ आहेत, त्यानं सिद्ध करायचं, की ज्याच्याकडे फक्त आपलं नासलेलं शरीर आहे त्यानं?

पण व्यवस्था हुशार असते. एक दार उघडलं की उंबरठा वर करते. भूमीवर होतास म्हणजे काय? किनाऱ्याजवळच्या जहाजांवर हजारो खलाशी होते. २००२ पर्यंत खात्याच्या पुस्तिकेप्रमाणे व्हिएतनाम सेवेचं पदक पुरत होतं. मग पुस्तिका बदलली. पाय जमिनीला लागला असेल तरच. जोनाथन हास हा दारूगोळ्याच्या जहाजावरचा सैनिक. फवाऱ्याचे ढग समुद्रावर आलेले आपण पाहिले, असं त्यानं सांगितलं. मधुमेह झाला, नसा गेल्या, दृष्टी अधू झाली. २००८ मध्ये अपील कोर्टानं खात्याच्या बाजूनं कौल दिला: पाय कुठं लागला? म्हणजे विषानं नकाशा बघून किनाऱ्यावरच थांबायचं! शिवाय जहाजावर समुद्राचं पाणी उकळून पिण्याचं पाणी करतात, त्या क्रियेत डायॉक्सिन जास्तच दाट होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधनानं २००२ सालीच दाखवलेलं.

आल्फ्रेड प्रोकोपियो हा इंट्रेपिड या विमानवाहू जहाजावरचा. २००६ मध्ये मधुमेहाचा क्लेम टाकला, पुढच्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरचा. नकार. अपील. पुन्हा नकार. पुन्हा अपील. जानेवारी २०१९ मध्ये नऊ विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला. कोर्ट म्हणालं, देशात त्याचा किनाऱ्यालगतचा समुद्रही येतो. त्याच वर्षी त्या खलाशांसाठी कायदा झाला. २०२२ मध्ये आणखी एका कायद्यानं थायलंड, लाओस, कंबोडिया, ग्वाम इथल्या नोकरीलाही ठरावीक काळापुरतं हेच गृहीत लावलं. एका माणसाची तेरा वर्षं गेली. साखर काही कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही, दोस्तांनो. मधल्या काळात ती डोळे खाते, मूत्रपिंड खाते, पायाची बोटं खाते.

क्लेम मंजूर झाला म्हणजे सुटला असंही नाही. पुढं टक्क्यांची शिडी आहे. नुसत्या पथ्यावर भागत असेल तर १० टक्के. पथ्य आणि गोळी, किंवा पथ्य आणि इन्सुलिन, तर २०. इन्सुलिन, पथ्य आणि वर कष्टाची हालचाल बंद करावी लागली असेल तर ४०. त्याच्या वर ६० आणि १००. एकट्या माणसाला २०२५ च्या दरानं २० टक्क्यांचे महिना सुमारे ३४७ डॉलर, ४० चे ७७४. आता ती हालचालीची अट बघा. ती डॉक्टरी कागदातून दिसली पाहिजे, असं कोर्टानं २००७ मध्ये ठरवलं. ज्याचा कायमचा डॉक्टर आहे, तो डॉक्टरकडून तेवढं एक वाक्य लिहून घेतो. पण जो गोदामात खोकी उचलतो, काम सोडलं तर ज्याची चूल विझेल, तो इन्सुलिन टोचून पुन्हा खोकीच उचलतो. आणि त्याचा कागद म्हणतो, बघा, कष्ट करतोय, म्हणजे धडधाकट आहे. जो जास्त राबतो त्याला कमी टक्के! साखरेपायी पाय बधिर झाले, मूत्रपिंड बिघडलं, तर त्याचे टक्के वेगळे मागता येतात. पण हे माहीत असलेला मागतो. माहीत नसलेला २० वर मरतो.

आणि काळा सैनिक? कॉन्ली मंक हा व्हिएतनाममध्ये लढलेला काळा मरीन. फौजेनं त्याला बाहेर काढलं ते डिस्चार्जवर 'सन्माननीय नव्हे' या जातीचा शेरा मारून. हा शेरा असला की यादी, टक्के, गृहीत सगळं बाजूला. माणूस दारातच अडतो. आणि असे शेरे काळ्यांच्या कपाळी जास्त आले, हे तिथल्या संरक्षण खात्याच्याच समितीनं १९७२ साली मान्य केलेलं. मंकनं २०१२ मध्ये मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात आणि युद्धानं मनावर केलेल्या जखमा यांसाठी क्लेम टाकला. शेरा दाखवून परत पाठवला. तो गप्प बसला नाही. त्याच्याच लढ्यातून २०१७ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की माजी सैनिकांच्या कोर्टाला अनेकांचा एकत्र खटला ऐकता येतो. एकेकट्याला चिरडणं सोपं असतं, म्हणून तर एकेकट्याला रांगेत उभं करतात! २०२२ मध्ये त्यानं काळ्या सैनिकांशी पिढ्यान् पिढ्या झालेल्या भेदभावाबद्दल खटला भरला. २०२३ मध्ये सरकारी हिशेबतपासनिसांच्या अहवालात निघालं की २०१० ते २०२० या वर्षांत काळ्यांचे क्लेम गोऱ्यांपेक्षा कमी प्रमाणात मंजूर झाले. वर टीप: एवढ्यानं भेदभाव सिद्ध होत नाही. बघा. इथंही सिद्ध!

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. होय, विष ओतणारी फौज अमेरिकेचीच. पण ओतायचा निर्णय बराकीत झाला नाही. आणि विष खाल्लं ते व्हिएतनामच्या माणसांनी, सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त. १९८४ मध्ये कंपन्यांनी सैनिकांशी १८ कोटी डॉलरवर तडजोड केली. २००४ मध्ये व्हिएतनामी माणसं त्याच अमेरिकेच्या कोर्टात गेली. २००५ मध्ये खटला फेटाळला, २००८ मध्ये अपील फेटाळलं, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ऐकायलाच नकार दिला. गृहीत हा शब्द गणवेशवाल्यांपुरता. शेतकऱ्यासाठी गृहीत नाही, टक्के नाहीत, खिडकीही नाही. म्हणून सैनिकाच्या लढ्याची मर्यादाही सांगितलीच पाहिजे: जो रेघेच्या आत आला त्यानं बाहेरच्याला विसरायचं नसतं. पण म्हणून आतल्यानं मिळवलेलं हलकं ठरत नाही. ते हत्यार आहे. बाहेरच्यानं उचलावं असं.

आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढं आजारामुळं सैनिक निघाला, तर आजार नोकरीमुळंच असं धरायचं, तसं नसेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. तरीही २०२५ मध्ये मधुमेहाच्या पेन्शनसाठी सैनिकाला दिल्ली हायकोर्टापर्यंत यावं लागलं, कारण सरकारच त्याच्याविरुद्ध तिथं गेलं होतं. तो जिंकला. पण जिंकलेल्या माणसालाही पुन्हा कोर्टात ओढायची ताकद कुणाकडे आहे ते लक्षात घ्या.

तुमच्या वस्तीत पेन्शनीचा नकार घेऊन बसलेला कुणी म्हातारा असेल, सफाईच्या कामानं फुप्फुसं गेलेला कुणी असेल, तर त्याच्याकडे सहानुभूती घेऊन जाऊ नका. कागद वाचायला जा. नकाराचं कारण कुठल्या नियमानं दिलंय ते शोधा. अपिलाची मुदत किती ते बघा. अमेरिकेत ती एक वर्ष आहे. चुकली तर मागच्या तारखेपासूनचे पैसे बुडतात. डॉक्टरच्या कागदावर कुठलं वाक्य नाही ते हुडका. आणि एकाचाच कागद घेऊन खिडकीशी जाऊ नका, दहाजणांचे घेऊन जा. खिडकीतला माणूस "सिद्ध करा" म्हणाला तर त्याला शांतपणे विचारा: भरतीच्या दिवशीची नोंदवही कुणाच्या कपाटात आहे? कामावर धाडल्याचा हुकूम कुणाच्या सहीचा आहे? कपाट तुमचं, सही तुमची. मग सिद्ध तुम्ही करा.