मैदानावरील निषेध आणि आपण



मागील महिन्यात अलोरे येथे काही तरुणांनी भिंतीवर पांढरी चादर बांधून एक माहितीपट दाखविला. त्याचे नाव ‘सॅल्यूट’. मॅट नॉर्मन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने तो २००८ साली आपले चुलते पीटर नॉर्मन यांच्याविषयी पूर्ण केला. माहितीपट संपल्यावर एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, “वकीलसाहेब, हे सारे ठीक आहे, परंतु खेळात राजकारण आणू नये.” त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. तो खाली मान घालून गप्प राहिला. या लेखात मी त्या गृहस्थांना उत्तर देत आहे. आणि तो मुलगा गप्प का राहिला तेही सांगणार आहे.

प्रथम हकीकत ऐका. दिनांक १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरातील ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत अमेरिकेचा टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदांत पहिला आला. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन दुसरा व अमेरिकेचा जॉन कार्लोस तिसरा आला. स्मिथ व कार्लोस हे दोघे कृष्णवर्णीय. पदके स्वीकारताना त्यांनी पायांत जोडे घातले नाहीत, केवळ काळे मोजे घातले. आणि राष्ट्रगीत सुरू होताच मान खाली घालून काळा हातमोजा चढविलेली मूठ आकाशाकडे उंचावली. स्मिथने उजवी, कार्लोसने डावी. कारण हातमोज्यांची जोडी एकच होती. गोऱ्या नॉर्मनने मूठ उचलली नाही, परंतु मानवी हक्कांच्या त्या चळवळीचा बिल्ला त्यानेही छातीवर लावला. स्मिथ व कार्लोस यांना संघातून काढून क्रीडाग्रामाबाहेर घालविण्यात आले. नॉर्मनला १९७२ च्या ऑलिंपिकला पाठविण्यात आले नाही. २००६ साली तो वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देण्यास स्मिथ व कार्लोस अमेरिकेहून गेले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची क्षमा मागितली ती २०१२ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

हे सातासमुद्रापलीकडचे झाले. परंतु वाचकहो, याच्याही अठ्ठेचाळीस वर्षे आधी अशीच एक मूठ आपल्या मुंबईत उंचावली गेली होती, आणि ती उंचावणाऱ्यांचे आडनाव आपल्या कोकणाकडे बोट दाखविते. ते आडनाव पालवणकर.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली, अस्पृश्य गणलेल्या चांभार समाजात झाला. पुण्यास पारशी लोकांच्या मैदानावर झाडलोट व खेळपट्टीची देखभाल करण्यासाठी त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे जाळी बांधावी, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत. फलंदाजीचा सराव साहेबांचा, गोलंदाजीचे श्रम बाळूंचे. त्या श्रमांतून हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीचा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. युरोपियनांना हरवावयाचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानावर ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे तोच चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. परंतु चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. चेंडू विटाळत नसे, कपबशी मात्र विटाळे! या धर्मशास्त्राचा अर्थ लावण्यास माझे कायद्याचे शिक्षण अपुरे पडते.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्या प्रसंगीचे मानपत्र बाबासाहेबांनी लिहिले. एवढे होऊनही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. वर्षे लोटली, कर्णधार बदलले, बाळू मात्र गोलंदाजच राहिले.

अखेर १९२० साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेच्या वेळी बाळूंना पुन्हा डावलून नेतृत्व सवर्ण खेळाडूकडे गेले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. ते गुपचूप घरी बसले नाहीत, किंवा आजारपणाची सबब सांगितली नाही. अस्पृश्य म्हणून आमच्या भावावर अन्याय होत आहे, असे त्यांनी जाहीर निवेदन करून सांगितले. संघाचे चालक नरमले. पुढच्या सामन्यास बंधू परत आले व बाळू उपकर्णधार झाले. आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघ युरोपियनांविरुद्ध जिंकला आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. जे थोरल्या भावाला उभ्या आयुष्यात मिळाले नाही, ते धाकट्याला तीन वर्षांत मिळाले.

आता त्या गृहस्थांच्या आक्षेपाकडे वळू. खेळात राजकारण आणू नये म्हणता. परंतु त्या चौरंगी स्पर्धेतील चार संघ कोणते होते? युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान! संघांची नावेच धर्मावरून व वंशावरून पडलेली. कर्णधार जातीवरून ठरलेला. चहाचे भांडे वेगळे. इतके राजकारण मैदानात आधीच हजर असताना, दोन भावांनी तोंड उघडताच ‘राजकारण आणले’ अशी ओरड करणे म्हणजे चोराला सोडून ‘चोर! चोर!’ म्हणणाऱ्याला पकडणे होय.

या घटनेत मला दुसरीही एक गोष्ट मोलाची वाटते. बहिष्कार हे शतकानुशतके आपल्यावर चालविलेले हत्यार. पाणी बंद, वाट बंद, काम बंद. १९२० साली मात्र बहिष्कृत म्हटलेल्या दोघा भावांनी आपला खेळच काढून घेतला. तो काढून घेता आला, कारण तो खेळ संघाला हवा होता. ज्याच्याविना काम अडत नाही, त्याचा रुसवा कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून निषेधाची पहिली पायरी गुणसंपादन ही आहे. स्मिथ आधी जगात पहिला आला, मग त्याने मूठ उचलली.

तुम्ही विचाराल, आज कायदा आहे, मग निषेधाची गरज काय? राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने शिक्षा ठरविल्या. १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही त्यांत स्थान मिळाले. तेव्हा ‘धम्म स्वीकारला म्हणजे हे संरक्षण गेले’ अशी भीती ज्या नव्या कुटुंबांना कोणी घालीत असेल, त्यांनी ती निःशंकपणे टाकून द्यावी. पाणवठा, रस्ता, उपाहारगृह यांचे दार कायदा उघडू शकतो. परंतु कर्णधारपद द्या, असा हुकूम कोणते न्यायालय देईल? जेथे कायद्याचा हात पोचत नाही तेथे माणसाला स्वतः उभे राहावे लागते.

सत्य सांगावयाचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू हे राजा यांच्या बाजूचे होते. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे प्रत्यक्ष बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी पराभूत झाले. म्हणून काय आपण त्यांना विसरावे? मी म्हणतो, नाही. ज्याचा आपण मतदानात पराभव केला त्याच्या कर्तृत्वाचा मान राखणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. अन्याय बाळूंवर झाला तो त्यांच्या पक्षामुळे नव्हे, जन्मामुळे झाला. आणि तो जन्म आपणा सर्वांचा आहे.

आता त्या मुलाविषयी. माहितीपटानंतर दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. कोकणात दिवाळीनंतर वाडीवाडीच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात, हे तुम्ही जाणताच. तो सहा वर्षे गावाच्या संघात गोलंदाजी करतो. बळी त्याचे सर्वांत अधिक. परंतु कर्णधार नेहमी ठरावीक दोन-तीन घरांतला. “सामन्याच्या दिवशी जायचेच नाही, असे ठरवले आहे,” तो म्हणाला. मी म्हणालो, “तसे करू नकोस. न सांगता गैरहजर राहिलास तर लोक तुला आळशी म्हणतील, आणि अन्याय झाकला जाईल. विठ्ठल व शिवराम यांनी केले तसे कर. आपली मागणी आधी लेखी दे. खाली स्वतःची सही कर. उत्तरास मुदत दे. आणि उत्तर आले नाही तर उघडपणे, कारण सांगून बाहेर हो.”

त्याने विचारले, “माझ्याबरोबर कोणी आले नाही तर?” या प्रश्नावर मला नॉर्मन आठवला. बिल्ला लावणारा एकजण तरी पलीकडच्या वाडीत असेल, त्याला जाऊन विचार, असे मी सांगितले. परंतु तो गेल्यावर हाच प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि आता तुम्हांलाही विचारतो. दुसऱ्याच्या अन्यायाविरुद्ध आपण बिल्ला लावतो काय? आपल्या वाडीतील मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवितात. त्यांना चेंडू कोणी देतो काय? आपल्याहून खालचा मानलेला कोणी आपल्या पंक्तीला आला, तर त्याची कपबशी कोणती असते? बुद्धाला शरण गेलेल्या घरात वेगळे भांडे असता कामा नये. चहाचेही नाही आणि मनाचेही नाही.

मुलाने अर्ज लिहिला. तो मी वाचला. एकही शब्द बदलला नाही, फक्त तारीख घालावयास लावली. अर्ज देण्यास जाताना त्याचे वडील त्याच्याबरोबर गेले. खेळात राजकारण नको म्हणणारे तेच गृहस्थ! अद्याप उत्तर आलेले नाही. दिवाळीस अवकाश आहे. त्या दिवशी तो मुलगा मैदानात असेल किंवा मैदानाबाहेर, हे संघाने ठरवावयाचे आहे. परंतु तो जेथे असेल तेथे मान वर करून असेल, आणि आपण त्याच्या बाजूला उभे असलो पाहिजे.